जाड कापडाचा तंबू

मी एक जुना तंबू आहे, मित्रांनो. बर्फावर बसून मासे धरणाऱ्या माणसांसाठी मला शिवलं होतं. आता मी रत्नागिरीजवळच्या आरे गावात, सखारामकाका शिवलकरांच्या पडवीत, सरपणावर पसरलेला असतो. हे कसं झालं ते तुम्हांला सांगायचं आहे.

माझं कापड दुहेरी. दोन थरांच्या मधे मऊ भरण घालून वर चौकोनी शिवण मारलेली, आपल्या गोधडीसारखी. बाहेरून लाल, आतून काळाभोर. मला तळ नाही. ज्या मुलखासाठी मला केलं, तिथे हिवाळ्यात तळ्याचं पाणी गोठून दगडासारखं होतं. माणसं त्याला भोक पाडतात, भोकावर तंबू उभा करतात आणि आत स्टुलावर बसून गळ सोडतात. बाहेर वारा अंग कापून काढतो, पण आत माणसाच्या नुसत्या श्वासानेही ऊब धरते. ती ऊब बाहेर जाऊ न देणं हे माझं काम. दुसरं काही मला येत नाही.

कॅनडातल्या एका बंदराजवळच्या दुकानात मला उभा करून ठेवलं होतं. डिसेंबर होता. एका मालवाहू जहाजावरचे दोन खलाशी हातमोजे घ्यायला आत आले, दर्शन आणि त्याचा मित्र विनोद. दोघेही रत्नागिरीकडचे. हातमोजे घेता घेता दर्शन माझ्यासमोर थांबला. दार उघडून आत शिरला, चेन लावली आणि काळोखात उभा राहिला.

"विनोद, यात बाबा बसतील," तो आतूनच म्हणाला. "सुईच्या टोकाएवढं ऊन येत नाही बघ."

दर्शनचे बाबा म्हणजे सखारामकाका. त्यांनी उभी हयात एसटी चालवली. ड्रायव्हरच्या खिडकीतलं ऊन वर्षानुवर्षं उजव्या गालावर घेतलं. निवृत्त झाले आणि उजव्या कानापुढे एक फोड आला, तो काही केल्या बरा होईना. मुंबईला नेऊन तो कापून काढला. डॉक्टर म्हणाले, कर्करोगाचा होता, यापुढे तोंडावर ऊन घ्यायचं नाही. काकांना आयुष्यात एकच नाद होता, गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जायचा. भरतीची वेळ बघून गरी आणि दोरी घ्यायची, आरे-वारेच्या किनाऱ्यावर जाऊन बसायचं आणि शेंगटी, तांबोशी, जो मासा लागेल तो घेऊन घरी यायचं. ते बंद झालं. भल्या पहाटे जावं तर अंधारात खडपाच्या निसरड्या दगडांवर पाय ठरत नव्हता. काका घरात बसून राहू लागले. बोलणंही कमी झालं.

दुकानात माझ्या शेजारी आणखी एक तंबू होता. एकेरी कापडाचा, फिकट रंगाचा, चारही बाजूंना जाळीच्या खिडक्या असलेला. विनोदने तो एका हाताने उचलला. "हा हलका हाय. वारापण येईल."

दर्शनने त्याचं कापड बोटांत धरून चोळलं. "पातळ आहे रे. बाबांना काय असलं द्यायचं?"

"मग काकांना फोन करून विचार तरी."

"विचारलं तर नको म्हणतील."

दुकानदारानेही माझ्याकडेच बोट दाखवलं. यापेक्षा जाड कापड आमच्याकडे नाही, तो म्हणाला. दर्शनने मला घेतलं. मला फार अभिमान वाटला, मित्रांनो. इतक्या तंबूंमधून एका मुलाने आपल्या बापासाठी मला निवडलं होतं.

दर्शनची जहाजावरची मुदत संपायची होती, विनोदची संपली होती. विमानाने आणि मग कोकण रेल्वेने विनोदनेच मला आरे गावात पोचवलं. सखारामकाकांनी माझ्या कापडावरून कितीतरी वेळ हात फिरवला. "बघितलंस?" ते दर्शनच्या आईला, मथुराकाकूंना म्हणाले. "केवढं मजबूत काम आहे."

दुसऱ्या दिवशी काका-काकू मला किनाऱ्यावर घेऊन गेले. माझे खिळे बर्फात पिळून बसवायचे, वाळूत ते धरेनात. काकूंनी दगड गोळा करून माझे कोपरे बांधले. काकांनी दार अर्धं उघडं ठेवून पाण्यात गरी टाकली. सकाळची वेळ होती, हवा गार होती. थोड्या वेळाने दोरीला ओढ लागली आणि काका हसले. तोंडावर शस्त्रक्रियेचा व्रण होता, त्यामुळे ते एकाच बाजूने हसायचे. एक छोटी तांबोशी मिळाली. ते हसू मी पुन्हा फारसं पाहिलं नाही.

सूर्य वर आला तसा मी तापू लागलो. लाल कापड ऊन पीत गेलं, भरणाने ते धरून ठेवलं. काकांच्या सदऱ्याच्या पाठीला घाम आला, मग सदरा पिळून काढावा एवढा ओला झाला. दार पूर्ण उघडावं तर समोरच्या पाण्यावरची तिरीप थेट गालावर येत होती. ते तसेच बसले.

संध्याकाळी दर्शनचा फोन आला. "बाबा, बसलात का आत?"

"बसलो की. तांबोशी मिळाली."

"गरम नाही ना होत?"

"छे. एकदम बरं वाटतं."

फोन ठेवल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, खरं का नाय सांगत? जीव घुसमटतो तुमचा आत."

"एवढ्या लांबून, एवढ्या मायेने पाठवलाय त्याने. आता काय सांगू त्याला?"

काका मग भरती बघून जात राहिले. फेब्रुवारीत एका दुपारी भरती उशिरा होती. काकू बाहेर सुरूच्या सावलीत बसल्या होत्या. आत काकांच्या हातातून दोरी सुटली आणि ते माझ्या भिंतीवर कलंडले. मला त्यांचं वजन कळत होतं, त्यांचा भराभर चालणारा श्वास कळत होता, आणि मी जे करायला जन्मलो तेच करत होतो, ऊब कोंडून धरत होतो. काकूंनी हाका मारल्या, उत्तर आलं नाही. त्यांनी चेन ओढून काकांना काखेत धरून बाहेर काढलं. तोंडावर पाणी मारलं. रिक्षाने रत्नागिरीला नेलं. दोन दिवस सलाईन लागलं होतं.

त्यानंतर काका गरवायला गेले नाहीत. मी पडवीत गुंडाळलेला होतो आणि आतलं सगळं मला ऐकू यायचं. दर्शन फोनवर विचारायचा, आज काय मिळालं? काका सांगायचे, शेंगटी मिळाली. कधी सांगायचे, मोठा गोबरा लागला होता पण तुटून गेला. काकू शेजारी बसून भाजी निवडत असायच्या.

मे महिन्यात दर्शन घरी आला. तोवर काकांच्या मानेत गाठ आली होती. पण दर्शनने आल्या आल्या मला खांद्यावर टाकलं. "चला बाबा, आज दोघं जाऊ." काकांनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं, भरतीचं सांगितलं, शेवटी उठले.

दोघं आत बसले, मागोमाग आलेल्या काकू बाहेर सावलीत बसल्या. थोड्याच वेळात दर्शनच्या हनुवटीवरून घाम वाळूत टपकू लागला. त्याने बापाकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही यात बसायचात?"

काका दोरी गुंडाळू लागले. बाहेरून काकू म्हणाल्या, "फेब्रुवारीत पडले आत. त्यानंतर आलेच नाहीत इथे."

"मग ते मासे?"

"तू रोज विचारायचास," काका म्हणाले. "तुला काहीतरी सांगायला नको?"

दर्शन उठला. आमिष कापायची सुरी घेऊन त्याने माझ्या दोन्ही भिंती फाडल्या, समोरासमोर. वारा आत आला. त्याबरोबर ऊनही आलं आणि नेमकं काकांच्या उजव्या गालावर पडलं. दर्शनने झटकन पुढे होऊन आपला हात मधे धरला. कितीतरी वेळ तो तसाच हात धरून उभा होता. मग काका म्हणाले, "बस झालं बाबू. घरी जाऊया."

काकांना मुंबईला नेलं, इलाज झाले, परत आणलं. दर्शनला जहाजावर जावंच लागलं. कर्करोग मानेतल्या गाठीतून खाली उतरला आहे. आता काका दरवाजापर्यंतही चालत नाहीत. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिघांनाही ठाऊक आहे.

काल दर्शनचा फोन आला होता. "बाबा, इथे बाजारात तंबू आहेत. एक पांढरा आहे, पातळ कापडाचा. या वेळी तुम्हांला विचारूनच घेतो. उंची केवढी हवी?"

काका खाटेवर पडून होते. आवाज खोल गेला होता, पण एकेक गोष्ट त्यांनी नीट सांगितली. उंची बसल्यावर डोकं लागणार नाही एवढी. खिडक्या समोरासमोर, म्हणजे वारा आरपार जाईल. पुढे खालपर्यंत उतरणारा छज्जा हवा, नाहीतर पाण्यावरची तिरीप तोंडावर येते. कोपऱ्यांना पिशव्या असल्या तर त्यात वाळू भरता येते, दगड शोधावे लागत नाहीत. दर्शन प्रत्येक गोष्टीला "हां बाबा" म्हणत होता. मग त्याने रंग विचारला. काका दमले होते. काकूंनीच सांगितलं, "पांढराच घे." आणि त्या सरपण आणायचं निमित्त करून पडवीत आल्या, माझ्याजवळ उभ्या राहिल्या, आणि सरपण न घेताच आत गेल्या.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा असं तुम्हांला सगळे सांगतात, तेही खरंच. पण कुणासाठी काही निवडाल तेव्हा ज्याला ते वापरायचं आहे त्याला आधी विचारा. आणि मायेने आणलेली वस्तू तुम्हांला सोसत नसेल तर त्याच दिवशी सांगून टाका. समोरचा थोडा हिरमुसेल, तेवढंच.

नवा तंबू येईल. काकांनी सांगितला अगदी तसाच असेल. तो कुठे ठेवायचा, यावर या घरात अजून कुणी काही बोललेलं नाही.