तेरावं विमान

चारुशीला गजभियेने जन्मात कधी विमानात पाय ठेवला नव्हता, तरी नागपूरच्या प्रतापनगरातल्या दोन खोल्यांत बसून तिने एका अख्ख्या हवाई दलाची विमानं रंगवली होती. हवाई दल खोटं होतं. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेतली दक्षिणेकडची राज्यं गुलाम ठेवायचा हक्क सोडवेना म्हणून फुटून निघाली आणि लढाई हरली. ती जिंकली असती, तो फुटका देश टिकला असता, तर १९४३ साली त्याची लढाऊ विमानं कशी दिसली असती? असल्या कल्पनेवर टकर नावाचा तिकडचा एक हौशी प्रकाशक जाडजूड चित्रपुस्तक काढत होता. तेरा विमानं, त्यांच्या पंखांवरची गोल चिन्हं, शेपटीवरचे आकडे, सगळं तिने संगणकावर काढायचं. आणि मुखपृष्ठावर तिचं पूर्ण नाव येणार होतं.

त्या नावालाच ती भुलली. आठ वर्षं लग्नाचे अल्बम आणि धरमपेठेतल्या दुकानांच्या पाट्या करून कशाखालीही तिचं नाव कधी आलं नव्हतं. तिचे वडील प्रेमानंद वायुदलाच्या डेपोत एकतीस वर्षं रंगारी होते. खरी विमानं, खरी चिन्हं, पण रंगाऱ्याचं नाव कोण लिहितो? त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. लेकीचं नाव पुस्तकावर येणार म्हटल्यावर मात्र म्हातारा दर चौथ्या दिवशी विचारायचा, "आलं का वं पुस्तक?"

ते शेजारी खुर्ची ओढून बसत आणि शिकवत. स्टेन्सिलच्या अक्षराला मध्ये पट्टी सोडली नाही तर 'ओ'चं पोट गळून पडतं. जुन्या चिन्हावर नवं कधी रंगवायचं नाही. "वरून रंग मारला तं जुनं खालून दिसते. आंधी घासा लागते, पत्रा दिसेपर्यंत." एकदा त्यांनी विचारलं की हा देश कोणता. ती म्हणाली, "नाही तो देश, बाबा. खोटा आहे." ते शेपटीवर काढलेल्या त्या देशाच्या झेंड्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले आणि मग चहा मागितला.

तिला कळत नव्हतं असं कोणी म्हणू नये. गुलाम म्हणजे काय, हे ज्या घरात समजावून सांगावं लागत नाही त्या घरची ती लेक. पण माणसाला शेण खायचं असलं की तो ताट आधी घासूनपुसून ठेवतो. इतिहास खोटा, विमानं खोटी, आपण फक्त तारे आणि गोल काढतो, अशी समजूत घालून तिने बारा विमानं पाठवली. पाचव्या विमानाच्या शेपटीवर तर ती खूष होती. पुढे शिसारी आली ती सगळ्यात आधी त्या खुषीची.

तेराव्या विमानासाठी टकरचं पत्र आलं. खऱ्या विमानांवर वैमानिकाच्या बैठकीखाली त्याचं नाव असतं आणि त्याखाली मेकॅनिकचं. आपल्या पुस्तकातल्या देशात मेकॅनिक गुलाम असणार, तेव्हा त्याचं एकच नाव, आडनावाशिवाय, लहान अक्षरांत लिहायचं आणि शेजारी मालकाची डागणी, गुरांच्या अंगावर असते तशी, काढायची. पुढे आणखी गंमत होती. या कल्पनेतल्या देशाने हिंदुस्थानच्या मध्य प्रांतातूनही माणसं विकत आणली होती म्हणे. तर तुमच्या भागातलं एखादं छोटंसं, खरं वाटेल असं नाव सुचवा, ही माझ्याकडून तुम्हाला खास भेट. शेवटी हसरा चेहरा काढला होता.

ती मोरीत जाऊन हात धूत राहिली, पण धुवायचं होतं ते हाताला लागलेलंच नव्हतं.

मग तिने नकार लिहिला. 'नाही' एवढा एक शब्द पुरला असता. पण सभ्य माणसाला समजावून सांगायची खाज असते. तिने आजोबांबद्दल लिहिलं. कन्हानजवळच्या खेड्यात आधीची तीन लेकरं गेली, म्हणून चौथं जन्मताच सुईणीने ते एका कवडीला विकत घेतलं आणि आईला सांभाळायला दिलं, मरणाला वाटावं की हे या घरचं नाहीच. म्हणून नाव कवडू. गावचा जमीनदार, मालगुजार, त्याला कवड्या म्हणायचा. छप्पन्न साली नागपुरात दीक्षा घेऊन परतल्यावर त्याने मालगुजाराच्या दारात उभं राहून आपलं नाव आडनावासकट सांगितलं. त्या माणसाची नात असली पाटी लिहिणार नाही, असं लिहून तिने मुखपृष्ठावरचं आपलं नावही काढून टाकायला सांगितलं.

उत्तर गोड होतं. मन हेलावलं, भावनांचा आदर आहे, तेरावं विमान दुसरा चित्रकार करेल. तुमचं नाव मात्र करारानुसार राहील, ते तुम्ही कमावलं आहे. ज्या नावासाठी तिने एवढं केलं, ते आता चिकटलेल्या घाणीसारखं सुटेना.

बाबांना तिने सांगितलं की पुस्तक लांबलंय.

तीन महिन्यांनी ती एका दुपारी धरमपेठेतून घरी आली, तर पार्सल फोडलेलं होतं. बाबा चष्मा लावून मुखपृष्ठावरच्या नावावरून बोट फिरवत होते. समोर उभ्या चारुशीलेपेक्षा छापलेली चारुशीला त्यांना मोठी दिसत असावी. ती म्हणाली, द्या इकडे, नंतर बघू. ते पानं उलटत राहिले, एकेक विमान ओळखत, आणि शेवटच्यावर थांबले. त्यांचं इंग्रजी जेमतेम, पण स्टेन्सिलची अक्षरं एकतीस वर्षं हाताखालून गेलेली. बैठकीखाली मोठ्या अक्षरांत वैमानिकाचं नाव होतं. त्याखालची लहान अक्षरं त्यांनी बोट ठेवून वाचली.

"के. ए. व्ही. डी. यू."

शेजारी डागणी होती.

तिने वाकून पान पाहिलं. नकाराच्या पत्रातून त्या माणसाने तेवढं एक नाव वेचून घेतलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"हे कोनं काढलं?"

"दुसऱ्यानं."

"आन् नाव कोनं देलं?"

"मीच देलं, बाबा. नाही म्हणतांना."

बाबा उठले. आतून पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन आले आणि कवडूवरून घासायला लागले. पान गुळगुळीत, जाड होतं. शाई गेली, मग कागदाचं पांढरं वर आलं, मग भोक पडलं. पुस्तक मिटून त्यांनी मुखपृष्ठ समोर धरलं, तेव्हा त्यांचा हात थांबला. चारुशीला म्हणाली, "ते बी घासा." तिने पुस्तक दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि आपलं नाव जाईपर्यंत सोडलं नाही.

"किती छापले असे?"

"तीन हजार."

बाबांनी हातावरची भुकटी झटकली.

"खोटा देश म्हणत होती नं तू," ते म्हणाले. "माह्या बापाचं नाव तं खरं लिवलं त्यायनं."