बस न पकडणारा माणूस

वसमतच्या बसस्टँडच्या फाटकाजवळ शिलाबाई सत्तावीस वर्षं बसत आली होती. हिवाळ्यात पेरू, उन्हाळ्यात काकड्या, पावसाळ्यात मक्याची कणसं. खाली पोतं टाकून बसायचं, त्यामुळे तिला माणसं आधी पायांनी कळायची. कोण घाईत आहे, कोण पिऊन आलंय, कुणाला घरी जावंसंच वाटत नाही, हे चेहरा बघायच्या आधीच तिच्या लक्षात यायचं. नवरा गेल्यावर याच पोत्यावर बसून तिनं लेकीला, पुनमला, नर्सिंग शिकवलं होतं. पुनम आता नांदेडला दवाखान्यात होती आणि 'आता पुरे झालं, माझ्याकडं ये' म्हणून दर रविवारी फोनवर भांडायची.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिलाबाईला ते बूट दिसले. पांढरे, तळाला नारिंगी पट्टी, डाव्या बुटाची नाडी मात्र काळी. सोमवारी बुटांवर निळी जीन्स होती. मंगळवारी करडी पँट आणि डोक्याला टोपी. बुधवारी तोंडाला रुमाल. बूट तेच. चारच्या सुमाराला हा तिशीतला माणूस यायचा आणि पाण्याच्या टाकीजवळ खांबाला टेकून उभा राहायचा. परभणीची गाडी लागली, गेली. हिंगोलीची लागली, गेली. हा कुठल्याच गाडीत बसला नाही. हातात फोन होता, पण अंगठा हलत नव्हता.

तो कुणासाठी येतो हे कळायला गुरुवार उजाडावा लागला. कुरुंद्याच्या गाडीला रोज एक पोरगी यायची. पाठीला सॅक, कानात इअरफोन, नजर फोनमध्ये. ती सावलीतून उठून बाकड्यावर गेली, तसे ते बूट चार पावलं सरकले. ती पाणी प्यायला गेली, तसे परत सरकले.

शुक्रवारी शिलाबाईनं तिला हाक मारली.

"ए बाळा, हिकडं ये. पेरू निवडल्यावानी कर. अन् मागं वळू नको."

पोरगी गोंधळली, पण वाकली. तिनं कानातले इअरफोन काढले.

"टाकीपाशी पांढऱ्या बुटाचा मानूस हाय. वळखीचा हाय का?"

पोरीनं पेरू उचलायच्या निमित्तानं तिरकं बघितलं. तिच्या हातातला पेरू परत टोपलीत पडला.

"वळखीचा न्हाई. पन कॉलेजच्या गेटावर दोनदा दिसला मला."

"कुनाला सांगितलंस?"

"न्हाई."

"काहून?"

"घरी कळलं तर कॉलेज बंद, मावशी. माझ्या आत्याच्या पोरीचं तसंच झालं. तिच्या मागं कोन होतं ते कुनी बघितलंच न्हाई, तिलाच घरी बसवलं." ती रडवेली झाली. "तुमी सांगू नका कुनाला."

तिचं नाव साक्षी. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. कुरुंद्याहून रोज येऊन जाऊन शिकणारी तिच्या घरातली पहिलीच.

शिलाबाईनं सांगून पाहिलं, "पोलिसात आमच्या भीमनगरातली करुणा हाय. चांगली हाय पोरगी. तिच्या कानावर घालू." पण साक्षीनं नुसती मान हलवली. पोलिसांतून घरी फोन जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग शिलाबाईनं तिला जमेल तसं शिकवलं. स्टँडवर आलं की कानात काही घालायचं नाही. एकटं बाकडं धरायचं नाही, बायकांच्या घोळक्यात उभं राहायचं. रोज एकाच फाटकानं यायचं नाही. गाडीत कंडक्टरच्या जवळची जागा धरायची. आणि तो माणूस जवळ आला तर खाली बघायचं नाही, त्याच्या तोंडाकडं बघायचं. "चोराला सगळ्यात जास्त भ्या कशाचं, तर आपल्याला वळखलं म्हन्ल्याचं," ती म्हणाली.

साक्षी हे सगळं पाळायची. गाडीला वेळ असला की ती पोत्याच्या कडेला येऊन बसू लागली. एकदा तिनं पेरूचं शास्त्रीय नाव सांगितलं, "सिडियम ग्वाजावा." शिलाबाई इतकी हसली की शेजारचा चहावाला वळून बघू लागला. तिला पुनमच्या शिकायच्या दिवसांची आठवण झाली. पंधरा दिवस असेच गेले. तो माणूस कधी यायचा, कधी यायचा नाही.

मग एका बुधवारी तो खांबापासून निघाला आणि सरळ कुरुंद्याच्या गाडीत चढला.

साक्षी आधीच आत बसली होती. शिलाबाईनं टोपली तशीच टाकली आणि पळाली. गाडी हलत होती. कंडक्टरनं दार उघडून तिला वर ओढलं.

"मावशी, अन् तुमचा माल?"

"राहू द्या तिथंच."

ती साक्षीच्या शेजारी बसली. तो दोन सीट मागं होता. शिलाबाई पूर्ण मागं वळली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काहो भाऊ, कुठं उतरायचं तुमाला?"

तो दचकला. "हट्ट्याला."

"ही गाडी हट्ट्याला जात न्हाई. पंधरा दिवसांपासून तुमी स्टँडवर उभे ऱ्हाता, तुमाला हट्ट्याची गाडी कोनती ते ठावं न्हाई व्हय?"

गाडीतली माणसं माना वळवून बघू लागली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कोन हाय रं तू?" कंडक्टरनं घंटी मारली. त्या माणसानं कुणाकडं न बघता दार गाठलं आणि तो गावाबाहेरच उतरून गेला.

पुढं सगळा रस्ता साक्षी हळू आवाजात एकच बोलत राहिली. "मावशी, घरी इचारतील तुमी कशाला आल्या. मैत्रिनीची आई म्हना. खरं सांगू नका." शिलाबाई "हूं" म्हणाली.

साक्षीचे वडील मुंजाजी अंगणात कापूस पोत्यात दाबत होते. अनोळखी बाई बघून ते उठले, त्यांनी खाट झटकून दिली, बायकोला पाणी आणायला सांगितलं. "बसा बाई. काय काम काढलं?" आवाज मऊ होता. शिलाबाईच्या मनात आलं, त्या बुटवाल्यानं आता गाडी बघितली, रस्ता बघितला. उद्या मी त्या गाडीत नसले तर? पोरीला काही झालं तर या माणसाला मी कोणत्या तोंडानं सांगू, की मला ठाऊक होतं म्हणून?

तिनं खरं सांगितलं. सगळं.

साक्षी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मध्येच ती आत निघून गेली.

मुंजाजींनी आतल्या दाराकडं बघितलं. मग त्यांनी हात जोडले. "लेक वाचवली तुमी माझी."

"दादा, उद्या पोलिसात जाऊ. मी येते, मी सांगते त्याचा सगळा हुलिया."

"पोलिसात?" ते म्हणाले. "लेकीचं नाव कागदावर चढलं की उद्या कोन दारात येईल?"

"मंग शिक्षन तरी बंद करू नका. तिची काय चुकी न्हाई."

"न्हाई, न्हाई. काहून बंद करू?"

त्यांनी तिला चहा पाजला आणि मोटारसायकलवरून वसमतला आणून सोडलं. टोपली चहावाल्यानं आत ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी साक्षी आली नाही. त्या आठवड्यात आली नाही, पुढच्याही नाही. कुरुंद्याच्या दुसऱ्या एका पोरीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तिला पाहायला येऊन राहिलेत." जानेवारीच्या शेवटी मुंजाजी स्वतः पत्रिका घेऊन फाटकापाशी आले. नवरा मुलगा पूर्णेकडचा, घरी चार एकर बागायत.

"तुमी नक्की यायचं," ते म्हणाले. "तुमच्यामुळं हा दिवस बघतोय आमी."

"अन् परीक्षा तिची?"

"सासरचे म्हनतात, देऊ देतील." त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. "तिची आई झोपत नव्हती बाई. गाडी यायचा टाइम झाला की फाट्यावर जाऊन उभी ऱ्हायची. मी तरी किती दिवस बघू?"

शिलाबाईला त्यांच्यावर रागावता आलं नाही. लग्नाला ती गेली नाही. त्या दिवशी ती नेहमीसारखी पोत्यावर बसली आणि दुपारी पुनमला फोन लावला. लेकीनं विचारलं, "काय झालं गं आई?" तर ती म्हणाली, "काही न्हाई. तुझा आवाज ऐकावा वाटला."

होळीनंतर चौथ्या दिवशी ते बूट परत आले. आता दोन वेण्यांची एक पोरगी होती, आंबा गावच्या गाडीला उभी राहणारी, शाळेच्या गणवेशातली. या वेळी शिलाबाईनं त्या पोरीला हाक मारली नाही, कुणाच्या घरी गेली नाही. टोपली चहावाल्याच्या हवाली केली आणि थेट करुणाकडं गेली. दुसऱ्या दिवशी करुणा साध्या कपड्यात, हातात पिशवी घेऊन बाकड्यावर बसली. पाऊण तासात तो माणूस धरला गेला. त्याच्या फोनात अकरा पोरींचे चोरून काढलेले फोटो निघाले. साक्षीचे सगळ्यात जास्त.

"मावशी, डिसेंबरातच यायचं होतं तुमी," करुणा म्हणाली. "पोरीचं नाव आमी बाहेर पडू दिलं नसतं." तिला दोष द्यायचा नव्हता. पण ते ऐकून शिलाबाईनं त्या दिवशी टोपली उघडलीच नाही.

मे महिन्यात एका दुपारी साक्षी दिसली. हिरवा चुडा, डोक्यावर पदर. नवरा पूर्णेच्या गाडीची चौकशी करायला खिडकीपाशी गेला होता. ती आपणहून आली, पोत्याच्या कडेला बसली आणि काकड्या चाळू लागली.

"परीक्षा दिलीस?" शिलाबाईनं विचारलं.

"न्हाई." मग तिनं विचारलं, "तो मानूस?"

"धरला."

"कधी?"

"होळी झाल्यावर. करुणानं धरला."

साक्षीनं बोटावर काहीतरी मोजल्यासारखं केलं. "माझं लगीन होळीच्या अठरा दिवस आधी झालं."

शिलाबाईनं तिचा हात धरला. "माझं चुकलं बाळा. मी आधी तिकडं जायला पायजे व्हतं."

"तुमी गाडीत चढल्या नसत्या तर काय झालं असतं, ते बी मला ठावं हाय," साक्षी म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच शिलाबाईला सोसेना. "त्याला धरला, हे आमच्या बापाला कळलं का?"

"मी सोता फोन केला. पत्रिकेवर नंबर व्हता."

"काय म्हनले?"

"म्हनले, बरं झालं."

साक्षीनं मान हलवली. तिकडून नवऱ्यानं हाक मारली, गाडी लागली होती. ती उठली, पदर सारखा केला आणि त्याच्या मागं गाडीत चढली.