वाचतेस का?

पेन्सिलीच्या टोकाचं रबर कुणीतरी चावून पार चपटं केलेलं — मुलांनी नव्हे, तिनंच, सकाळपासून — आणि तरी उत्तर आपलं ‘हो’च येत होतं. वाचनतासामुळे तू वाचतोस का? हो. तू गं? हो. एवढे ‘हो’ तिनं नवऱ्याकडून उभ्या संसारात ऐकले नव्हते. मुलांमध्ये वाचन वाढवणाऱ्या संस्थेत ती कार्यक्रमांचा परिणाम मोजायची. संध्याकाळी आकडा साहेबांकडे जायचा होता, आणि आकडा कमी पडला की या शाळेतला वाचनतास बंद. प्रश्न तिनंच बेतलेला. सोपा, सुटसुटीत... साहेबांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं होतं.

चिमुकल्या खुर्चीत गुडघे हनुवटीशी घेऊन ती बसली होती. समोर आली ती चष्मेवाली, तिसरी-चौथीतली.

“वाचनतासामुळे तू वाचतेस का?”

“हो मॅडम, रोज वाचते.”

“रोज? ते कसं काय?” हे छापलेलं नव्हतं, उगीच निघालं तोंडून.

“आधी त्या तासाला गणित असायचं ना!”

वाचते. अरे देवा — वाचते, म्हणजे बचावते! जन्मभर हीच भाषा बोलतेय मी, प्रश्न लिहिताना अक्कल काय गहाण टाकली होती? तरीच तुलनेसाठी घेतलेल्या त्या दुसऱ्या शाळेत वाचनतास नसूनही, नुसतं ‘हल्ली वाचतोस का?’ विचारलं तर मुलं खुशाल ‘वाचत’ होती, आणि तिनं त्यावर ‘परिसराचा प्रभाव’ म्हणून साहेबांना चांगलं लांबलचक ऐकवलं होतं... तिथले गणिताचे सर पाय मोडून घरी बसले होते, हाच तो परिसर! आता खरं सांगावं तर तास जाणार, गणित परत येणार, म्हणजे पोरं दोन्हीकडून वाचायची नाहीत. आणि न सांगावं, तर आपण इथं बसून रबर चावण्याखेरीज केलं काय?

“मग त्या तासाला करतेस काय तू?”

चष्मेवालीनं मागं वळून पाहिलं. वर्गाच्या बाई फळा पुसत होत्या.

“पुस्तक उघडून बसते. आधी नुसतीच बसायचे. पण आता त्यातल्या कोल्हिणीचं पिल्लू हरवलंय, म्हणून मग घरी पण नेते.” तिनं आवाज खाली आणला. “कुणाला सांगू नका हं. नाहीतर त्याची पण परीक्षा घेतील.”

“नाही सांगणार,” ती म्हणून गेली, विचार करायच्या आत.

आणि मग लख्ख कळलं, की परीक्षा घेणारं माणूस ते मीच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खराखुरा परिणाम समोर येऊन उभा राहिला, आणि त्याच्यावर पांघरूण घालायचा शब्द देऊन बसले... तिला हसू फुटत होतं, आणि त्या हसण्याखाली कुठंतरी बरं वाटत होतं, अगदी निर्लज्जपणे बरं. चष्मेवाली जागेवर गेली. पुढचा मुलगा येऊन उभा राहिला, ‘हो’ म्हणायच्या तयारीत. तिनं तोंड उघडलं, पण प्रश्न काही केल्या बाहेर पडेना — ते पिल्लू सापडतं की नाही, एवढंच तिला कुणाला तरी विचारायचं होतं.