हेडफोनची पारख आणि सतरा चाके

घरात माणूस असून हाकेला ओ मिळत नाही, ही तक्रार आज कोणत्या घरात नाही? कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या, दाराची घंटा दोनदा वाजली, दूधवाला कंटाळून निघून गेला. आणि सूनबाई मात्र तिथेच, ओट्यापाशी, मान डोलावत उभी होती. तिच्या दोन्ही कानांवर वाटीएवढे काळे हेडफोन होते. सासूबाईंनी पुढे होऊन गॅस बंद केला आणि तिच्या खांद्याला बोट लावले. केवढ्याने दचकली ती!

"अहो आई, तुम्ही केव्हा आलात?"

"मी कुठून येणार? सकाळपासून इथेच आहे. तूच गेली होतीस कुठेतरी."

वाचकहो, हसू नका. या घरात न ऐकू येणे ही चेष्टेची गोष्ट नव्हती. या घराची भाकरीच मुळी कानावर उभी होती.

गावाबाहेरच्या कारखान्यात पोलादी हत्यारांना धार लावण्याचे काम चाले. धार लावणारी दगडी चाके ताटाएवढी मोठी, आणि मिनिटाला दोन-दोन हजार फेरे घेणारी. अशा चाकाला केसाएवढा तडा असला, तरी तो डोळ्यांना दिसत नाही. पण चाक वेगात आले की फुटते आणि त्याचे तुकडे गोळीसारखे सुटतात. म्हणून प्रत्येक नवे चाक लाकडी खुंटीवर टांगायचे, हत्याराच्या लाकडी मुठीने चार ठिकाणी हलकेच ठोकायचे आणि ऐकायचे. अखंड चाक 'टण्ण' असे लांबवर गाते. तडकलेले चाक 'ठप्प' म्हणते आणि गप्प बसते. जे गाईल त्याच्यावर खडूची हिरवी खूण करायची. एवढेच काम. पण त्या खुणेच्या भरवशावर माणसे यंत्रापुढे उभी राहतात.

सासूबाईंनी हे काम एकतीस वर्षे केले होते. निवृत्त होण्याआधी त्यांनी सुनेला दोन वर्षे शिकवले. घरीच, पाठ फिरवून बसवून. त्यासाठी दोन लहान चाके त्यांनी कपाटात ठेवली होती, एक अखंड आणि एक तडकलेले. सुनेचा कान तयार झाला. कारखान्यात तिला सारे 'कानवाल्या बाई' म्हणू लागले. नवरा परगावी नोकरीला. घरात सासूबाई, ती आणि धाकटा दीर. दीर त्याच कारखान्यात मोठ्या यंत्रावर धार लावी.

दोन महिन्यांपूर्वी सुनेने ते हेडफोन आणले. पगाराचा चांगला लचका तुटला होता. जाहिरातीत म्हटले होते की यातला ढोल छातीत वाजतो. आणि खरेच तो छातीत वाजे! येता-जाता रस्त्यात, दुपारच्या सुट्टीत चाके तपासायच्या कोठीत, संध्याकाळी ओट्यापाशी ते कानांवर असत. कोठीच्या भिंतीपलीकडे यंत्रांची घरघर. ती घरघर ऐकू येऊ नये म्हणून आवाज आणखी वर. कानवाल्या बाईंनी पसंत केले म्हटल्यावर कारखान्यातल्या आठ जणांनी डोळे झाकून तेच घेतले. कानाने पारख करणाऱ्या बाईची पसंती, तिच्यावर शंका कोण घेणार?

त्या रविवारी जेवताना दिराने विषय काढला.

"वहिनी, तूच सांग. मीही घेऊ का असले? पैसे वसूल आहेत ना? तुझ्या तोंडून हो आलं की आपण दुकानात."

"भावजी, तुम्हाला कसली गाणी ऐकायची? तुम्ही तर राष्ट्रगीताला पण सूर चुकता," सून हसून म्हणाली.

सासूबाईंनी हात धुतले. "थांबा. पारख करायची तर रीतसर करू. जा, कपाटातली दोन्ही चाकं आण."

दिराने दोन्ही चाके टांगून ठोकली आणि आवाज फोनमध्ये भरून घेतले. सासूबाईंनी हेडफोन चढवले. क्षणभर डोळे मिटले.

"पहिलं म्हणालं धम्म. दुसरंही म्हणालं धम्म. गाणारं चाक आणि फुटणारं चाक यांत उन्नीस-वीसाचाच फरक राहिला. घंटेचा ढोल करणारी वस्तू आहे ही."

"अगं आई, हे गाण्यांसाठी आहेत! चाकांसाठी कोण घेतं?" दीर म्हणाला.

"गाण्यातही बारीक काही असतंच की. तंबोरा असतो, गाणारीचा श्वास असतो. ते सगळं पोत्याखाली घालून वर नुसते धपाटे. आणि बाळा, गाण्यासाठी एक कान आणि कामासाठी दुसरा, असे जोड मिळतात का दुकानात? मिळत असतील तर मलाही आण एक."

दीर खो खो हसला. सूनही हसली, पण वरवर. कारण मघाशी चाके ठोकली तेव्हा तिच्या कानांवर हेडफोन नव्हते, ती दिराच्या शेजारीच बसली होती, आणि तरीही कोणते 'टण्ण' आणि कोणते 'ठप्प', हे तिला नीट कळले नव्हते. चार दिवसांपासून तिच्या कानांत एक बारीक शिटी वाजत होती. उठता-बसता, पाणी पिताना, उशीवर डोके टेकले की तर अधिकच. तिने कोणाला सांगितले नव्हते. सांगितले असते तर ते खुंटीवरचे काम सोडावे लागले असते. कानवाल्या बाईंचेच कान गेले, असे लोकांनी म्हणायचे?

"सांग ना वहिनी. घेऊ?"

लाज माणसाकडून काय काय वदवते! "घ्या की," ती म्हणाली. "पैसे वसूल आहेत."

सासूबाईंनी तिच्याकडे एकदाच पाहिले आणि ताटे उचलली.

सोमवारी सकाळी कोठीत सतरा नव्या चाकांची पेटी उघडली. सुनेने पहिले चाक टांगले, ठोकले. शिटी. पुन्हा ठोकले. शिटीच्या मागे कुठेतरी काहीतरी वाजले, पण काय? तिच्या तळहातांना घाम सुटला. चाकांना ओल लागू नये म्हणून तिने हात कोरडे केले, आणि ते पुन्हा ओले झाले. बाहेरून फोरमनने दार ठोठावले. "बाई, आटपा! दुसऱ्या पाळीला चाकं हवीत." तिने चाक उजेडात धरून फिरवून पाहिले. दिसायला निर्दोष. चाके बनवणारा नेहमीचाच कारखाना, नेहमीचाच माल, गेल्या वर्षभरात एकही वाईट निघाले नव्हते. तिने खूण केली. मग दुसऱ्यावर केली. सतरा चाके, सतरा हिरव्या खुणा. शेवटची खूण करताना खडू मोडला.

चार वाजता ती घरी आली. सासूबाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला आणि त्या तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"सूनबाई, मागे वळू नकोस. हे कोणतं?"

सुनेच्या हातातला कप थांबला. मागे काहीतरी वाजले होते.

"...चांगलं."

"आणि हे?"

"तडकलेलं."

"दोन्ही वेळा मी तडकलेलंच ठोकलं."

सुनेने कप खाली ठेवला. तिच्या कानांत शिटी चालूच होती.

"केव्हापासून?" सासूबाईंनी विचारले. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच अधिक भीती वाटत होती.

"पाच दिवस झाले, आई. वाटलं, जाईल आपोआप."

"आज किती चाकं पास केलीस?"

"सतरा."

"ऐकून?"

सुनेने मान खाली घातली. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. "दुसरी पाळी साडेचारला सुरू होते. मोठ्या यंत्रावर आज कोण आहे, ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होते. दीर! सुनेने फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच; कामावर तो फोनची घंटा बंदच ठेवी. मग तिला आठवले: दुपारी दिराने निरोप धाडला होता, 'घेतले! तुझ्यासारखेच, काळे.' फोरमनचा फोन लागला. पण पलीकडे यंत्रांची घरघर, तिचा एक शब्द त्याला कळेना. "काय? मोठ्यानं बोला!" आणि फोन तुटला.

"माझा गुडघा धावायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "तू पळ. मी येतेच मागून."

दहा मिनिटांचा रस्ता. सून चपला हातात घेऊन धावली. रस्त्याने एक दुचाकीवाला मागून हॉर्न वाजवत आला, अगदी अंगाशी येऊन ओरडला, तेव्हा तिला तो कळला. किती दिवस आपण असे रस्ते ओलांडत होतो? छातीत ढोल वाजत होता. आज त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नव्हती.

कारखान्याच्या दारातून तिला दीर दिसला. पाठमोरा. नवे चाक चढवून झाले होते, झाकण बसले होते, डोके कसल्याशा तालावर हलत होते आणि कानांवर काळ्या वाट्या होत्या. नवे चाक चालू केले की पहिले मिनिटभर बाजूला उभे राहायचे आणि कान देऊन ऐकायचे, हा तिथला पहिला धडा. हा ऐकणार कशाने?

"भावजी! थांबा! भावजी!"

चार माणसे वळली. तो वळला नाही. त्याचा हात हिरव्या बटणाकडे निघाला.

भिंतीवरचा मेन स्विच तीन पावलांवर होता. सुनेने तो दोन्ही हातांनी खाली ओढला. दिवे गेले, यंत्रे हळूहळू कण्हत थांबली.

"कोणी बंद केलं?" फोरमन गरजला.

"मी," सून म्हणाली. "आजची सतरा चाकं कोणी चालवू नका. मी ती न ऐकताच पास केली आहेत. मला ऐकू येत नाही."

हे शेवटचे चार शब्द बोलताना तिला जे कष्ट पडले, ते धावण्यापेक्षा जास्त होते. दिराने हेडफोन काढले. "काय झालं? दिवे कसे गेले?" त्याने विचारले, आणि कोणीच हसले नाही.

सासूबाई लंगडत आल्या तेव्हा फोरमनने स्वतः स्टूल पुढे केले. "मोठ्या बाई, बसा."

"बसायला आले नाही. खुंटी आणा."

पहिले चाक दिराच्या यंत्रावरून उतरवले. ठोकले. टण्ण! स्वच्छ, लांब. दिराने श्वास सोडला. "बघ वहिनी, उगीच जीव काढलास माझा! एवढी धावाधाव, आणि चाक ठणठणीत!"

"गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. "अजून सोळा आहेत."

दुसरे टण्ण. तिसरे टण्ण. माणसे एकमेकांकडे पाहून मिस्कील हसू लागली. दहावे टण्ण. अकरावे...

ठप्प.

सासूबाईंनी चाक फिरवून पुन्हा ठोकले. ठप्प. फोरमनने पुढे वाकून पाहिले. वर ठसठशीत हिरवी खूण होती. ते चाक आज ना उद्या त्याच मोठ्या यंत्रावर चढणार होते. दिराच्या तोंडचे हसू विरले. त्याने हातातले हेडफोन बाकावर ठेवले.

सुनेची खुंटी त्याच दिवशी गेली. फोरमनने तिला कोठीच्या नोंदींचे काम दिले, आणि सासूबाई दोन मुलींना शिकवायला रोज दोन तास येऊ लागल्या. डॉक्टरांनी सांगितले, आवाजापासून लांब राहिलात तर थोडे ऐकू परत येईल. शिटीचे मात्र वचन देता येत नाही. सुनेने ते आठही जण गाठले, एकेकाला. "मी पसंत केलं म्हणून तुम्ही घेतलेत. माझी पारख खोटी होती. मला विचाराल तर पैसे वसूल नाहीत. त्यात धपाटा आहे, बाकी गाणं नाही. आणि तो धपाटा हवा म्हणून आपण आवाज चढवत जातो. ठेवायचे असतील तर घरी ठेवा, आवाज अर्ध्यावर ठेवा, आणि यंत्रापुढे किंवा रस्त्यावर कधीही घालू नका." पाच जणांनी ऐकले. तिघे हसले. दिराने आपले परत केले; त्याआधी खोक्यावरची किंमत वहिनीला दाखवून तो म्हणाला, "या किमतीत आपला जीव मोजला नव्हता गं त्यांनी."

आजही रोज संध्याकाळी सासूबाई सुनेला पाठ फिरवून बसवतात आणि मागे एक चाक ठोकतात. "हे कोणतं?" सून उत्तर देईपर्यंत दीर हातातला घास तोंडाशी धरून थांबतो. काही दिवशी उत्तर बरोबर येते, काही दिवशी नाही. चुकले की सासूबाई चाक पुसून कपाटात ठेवतात.

म्हणून सांगते, बंधुभगिनींनो, नीट ऐका. अजून ऐकू येते आहे तोवर ऐका! दुकानात वस्तूवर जी किंमत लिहिलेली असते ती अर्धीच असते. उरलेली अर्धी आपण घरी आल्यावर देतो. तेव्हा कोणतीही वस्तू घेण्याआधी ती काय देते एवढेच विचारू नका, ती काय बुजवते तेही विचारा. आणि चारचौघांचा आपल्यावर विश्वास असेल, तर न ऐकलेल्या गोष्टीवर खूण करू नका. 'मला ऐकू येत नाही' हे सांगायला लाज वाटेल. ती लाज गिळा. फुटलेले चाक ती लाज पाहून थांबत नाही.