मलिद्याला दहा जण

एलिशेबा चेऊलकर ही बर्मिंगहॅमच्या एका डॉक्टरांची लेक. घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. १९८८ साली ती ब्रिस्टलजवळच्या एका छोट्या कॉलेजात शिकायला निघाली, तेव्हा सिनॅगॉगमध्ये प्रार्थनेला येणाऱ्या बायकांनी आईला बजावलं, "ज्यू मुलांना ते कॉलेज मानवत नाही हो." आदल्या वर्षी कुणीतरी एका ज्यू मुलाच्या दारावर घाणेरडं काहीतरी कोरलं होतं. कॉलेजनं दार रंगवलं, विषय संपला. तेव्हापासून तिथले ज्यू आपण ज्यू आहोत हे कुणाला सांगत नसत.

एलिशेबाला लपवायची वेळच आली नाही. सगळे तिला हिंदूच समजत. दिवाळीला तीन शुभेच्छापत्रं आली!

दुसऱ्या वर्षी तिला या सगळ्याचा वीट आला. ज्यू विद्यार्थ्यांची सोसायटी, म्हणजे मंडळ, काढायचीच, असं तिनं ठरवलं. नोंदणीसाठी विद्यार्थी युनियनला दहा ज्यू विद्यार्थ्यांच्या सह्या हव्या होत्या आणि तिच्याजवळ होती एक, स्वतःची. तिनं नोटीस लावली: रविवारी चार वाजता, हॉस्टेलच्या किचनमध्ये, खायला मलिदा.

मग आईला फोन. "आई, आपल्याकडे शुभकार्यात असतो तो मलिदा कसा करतात गं?"

"पोहे भिजव, गूळ-खोबरं घाल, वेलदोडा, वरून खजूर-बदाम. किती जणांचा?"

"एक किंवा दहा."

"मग वीस जणांचा कर," आई म्हणाली.

रविवारी रूममेट हेलन मुकाट्यानं वेलदोडे सोलत बसली. चार वाजले, कुणी नाही. सव्वाचारला रग्बी खेळणाऱ्या धिप्पाड डॅनियलनं दारातून डोकं घातलं. "सोसायटी इथेच? पण तू तर इंडियन!"

"मग? आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शब्बाथ म्हणून शनिवारी बंद ठेवायचे."

तो खो-खो हसत आत आला. त्याच्यामागून केमिस्ट्रीच्या दोघी आल्या आणि त्याला पाहून किंचाळल्याच, "तूसुद्धा?" मग थोड्या थोड्या वेळानं तेच, दार उघडायचं आणि "तूसुद्धा?" पाचपर्यंत एलिशेबा धरून नऊ झाले. दहावं कुणी येईना.

हेलन लालबुंद होऊन म्हणाली, "पेन दे."

"अगं, मैत्रीखातर नको. आपलीच माणसं हवीत."

"आपलीच आहे. आई ज्यू आहे, माहेरची गोल्डबर्ग."

एलिशेबाच्या हातातला डाव पडला. "वर्षभर एका खोलीत राहतोय आपण!"

"तू तरी कुठं सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं!"

दोघी ओट्याला टेकून पोट धरधरून हसल्या. एलिशेबाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचंच होतं असं काही तिला सांगता आलं नसतं. मलिदा हातानंच खाल्ला सगळ्यांनी, आणि डॅनियलनं तीनदा मागून घेतला.

सोमवारी युनियनच्या खिडकीशी दहाही जण रांगेत उभे. तिथली बाई म्हणाली, "फॉर्म एकानं आणला तरी चालतो."

"ठाऊक आहे," एलिशेबा म्हणाली. कुणीच हललं नाही.