डब्यात ठेवलेलं नाव

बाई बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर वाकल्या आणि पोरं श्वास रोखून बघू लागली.

"असं वाकायचं," त्या म्हणाल्या, "जो शब्द सोडून राहणं सगळ्यात जड जाईल, तो हळूच आत सांगायचा आणि झाकण लावायचं. शेवटच्या दिवशी ज्याचा त्याला परत. आणि डबा बंद झाला की इंग्रजी सुरू."

कल्पना त्यांचीच होती. सुट्टीत ओस पडलेल्या शाळेत आठवडाभराचं निवासी शिबिर घ्यायचं, उठल्यापासून झोपेपर्यंत मुलांनी इंग्रजीखेरीज अवाक्षर काढायचं नाही, हे मुख्याध्यापकांच्या गळी उतरवताना बाईंच्या नाकी नऊ आले होते. खेळाच्या सरांनी तर हात जोडले होते. "बाई, माझं इंग्रजी शिट्टीपुरतंच आहे. मी आपला आठवडाभर शिट्टी वाजवीन." तरी गाद्या आल्या, पाण्याची पिंपं भरली गेली, दारं, जिने, आरसे, बादल्या, सगळ्यांवर त्यांच्या इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्या लागल्या. पोरांना नियमाचा जाच वाटू नये म्हणून हा डब्याचा खेळ.

बाईंनी स्वतःपुरता 'कंटाळा' हा शब्द हेरून ठेवला होता. पण वाकल्यावर तोंडातून भलतंच निघालं. "भिंगरी," त्या कुजबुजल्या आणि स्वतःच दचकून त्यांनी झाकण दाबलं.

भिंगरी म्हणजे त्या स्वतःच. लहानपणी एका जागी म्हणून ठरायच्या नाहीत, तेव्हा आईनं ठेवलेलं नाव. आता आईला कुठला वार आणि कोण लेक, काही उमगत नसे. ते नावही तिच्या तोंडून येईनासं झालं होतं. पण खाटेशेजारी बसून "आई, भिंगरी आलेय" म्हटलं, की ती निमूट तोंड उघडायची आणि जेवायची. एरवी ओठ घट्ट मिटलेले. ते नाव ठाऊक असणारं घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं. शिबिरापुरती एक मावशी आईजवळ ठेवली होती आणि जेवणाच्या वेळी बाईंनी रोज फोन करायचा, असं ठरलं होतं.

एकेक पोर डब्याशी येऊन कुजबुजत गेलं. शेवटी एक मुलगी राहिली. प्रत्येक रांगेत शेवटी, म्हणून मुलांनी आल्या आल्या तिचं नाव शेपूट ठेवलं होतं. दोन वेण्यांपैकी एक कायम सुटलेली. तिनं झाकण उचललं, कान टेकला आणि बराच वेळ तशीच थांबली.

"अगं, ऐकायचं नाही, सांगायचं," बाई म्हणाल्या.

मुलगी गोड हसली, काहीतरी पुटपुटली आणि झाकण लावून जागेवर गेली.

दुपारी बाई गोदामात शिरल्या आणि गुंडाळलेल्या चटयांच्या आड उभं राहून त्यांनी घरी फोन लावला. आपणच केलेला नियम आपणच असा चोरून मोडताना त्यांना हसू येत होतं. मावशीनं फोन आईच्या कानाला लावला.

"आई," बाई म्हणाल्या, "आई, मी..."

पुढं काही आलं नाही. जीभ होती, श्वास होता, नाव नव्हतं.

"कोण?" आईनं विचारलं.

गरगर फिरणारं काहीतरी, एवढं त्यांना आठवत होतं. त्यांनी भोवरा म्हणून पाहिलं, चक्री म्हणून पाहिलं.

"कोण भोवरा?" आई म्हणाली आणि फोन खाली गेला.

"नाही हो बाई, तोंडच उघडत नाहीत," मावशीचा आवाज आला.

बाईंनी फोन बंद केला. त्या तडक वर्गात गेल्या. वर्ग रिकामा होता. त्यांनी डबा उघडला, कान लावला. शिळ्या बिस्किटांचा वास तेवढा आला. मागून शिट्टी वाजली, तेव्हा त्या केवढ्यानं तरी ओरडल्या.

"मराठीत ओरडलात," दारातून सर म्हणाले. मग त्यांचा चेहरा पाहून त्यांनी शिट्टी खिशात घातली. "काय झालं?"

"काही नाही. एक शब्द आठवत नाहीये."

"एवढंच ना? मला तर इथं आल्यापासून एकही आठवत नाही."

दुसऱ्या दिवशीही आई उपाशी राहिली. बाईंनी घरी जायचं ठरवलं, पिशवीसुद्धा भरली. पण रिकाम्या हातानं जाऊन करणार काय? त्या नावावाचून आईच्या लेखी त्या आणि दाराशी आलेला पोस्टमन सारखेच होते. तिसऱ्या दुपारी त्यांनी पुन्हा फोन लावला.

"आज पोटभर जेवल्या!" मावशी आधीच बोलू लागली. "आपणहून तोंड उघडलं बघा. मी वाटी ठेवून पाणी आणायला गेले, येऊन बघते तर वाटी चाटूनपुसून साफ. हसत होत्या. बोलत होत्या कुणाशी तरी."

"कुणाशी?"

"खोलीत कोण असणार? मी नि त्या."

बाईंना रडू फुटलं. जीव भांड्यात पडला म्हणून की आणखी कशानं, ते त्यांना कळलं नाही. डोळे पुसून त्या भोजनगृहात आल्या. पोरं मोडक्यातोडक्या इंग्रजीत मीठ मागत होती, एकमेकांना हसत होती. शेपूट कोपऱ्यात बसली होती. ताट भरलेलं, डोळे उघडे, आणि चमचा समोर हवेत धरलेला, खाटेवर टेकून बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. चमच्यात काही नव्हतं. बाईंनी तिच्या खांद्याला हात लावला. खांदा गार होता. बऱ्याच वेळानं मुलीनं पापण्या हलवल्या आणि स्वतःचं जेवण सुरू केलं.

"जेवायच्या वेळेला ही इथं नसतेच," सर हळूच म्हणाले. "घरची आठवण येत असेल."

"असेल," बाई म्हणाल्या. त्यांना त्याहून जास्त विचार करायचा नव्हता. आई जेवत होती. रोज जेवत होती.

शेवटच्या दिवशी डबा उघडला. पोरं एकेक करून कान लावत आणि आपापला शब्द मोठ्यानं ओरडत. आठवडाभर कोंडलेली मराठी अशी काही उसळली की सरांनी कानांवर हात ठेवले. सगळ्यात शेवटी शेपूट आली. तिनं कान लावला, मान हलवली. मग बाई वाकल्या. आत पत्रा होता, बाकी काही नाही.

"तुमचा त्यात नाहीये, बाई," मुलगी म्हणाली. "तो पहिल्याच दिवशी बाहेर आला. मी झाकण उचललं ना, तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मराठी बोलायचं नव्हतं ना."

बाईंनी गुडघे टेकले आणि कान पुढं केला. मुलीनं ते नाव सांगितलं. भिंगरी. तेच होतं, अक्षर न् अक्षर तेच. पण दुकानाच्या काचेआड ठेवलेल्या खेळण्यासारखं, कुणाच्याही मुलीचं असावं असं. बाई वाट पाहत राहिल्या. आत काही हललं नाही.

"दिलं हं परत," मुलगी म्हणाली आणि सुटलेली वेणी उडवत फाटकात उभ्या असलेल्या आपल्या वडिलांकडे पळाली.

बाई घरी पोचल्या तेव्हा मावशी भांडी घासत होती. त्यांनी चप्पलही धड काढली नाही. भाताची वाटी घेतली, खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या आणि आवाज जमेल तेवढा ताळ्यावर आणून म्हणाल्या, "आई, भिंगरी आलेय."

आईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग अनोळखी माणूस आल्यावर सावरावी तशी पायांवरची चादर सारखी केली.

"बसा ना," ती म्हणाली. "तिच्याकडे आलात का? ती आत्ताच मला भरवून गेली. भारी गुणाची पोर आहे हो."

किती महिन्यांनी आई एवढं सलग बोलत होती. वाटी बाईंच्या मांडीवर तशीच राहिली.

"परत येईल?" त्यांनी विचारलं.

"येईल की. उद्या जेवायच्या वेळेला." आईनं आपले थरथरणारे हात उचलून दाखवले. "पण तिची एक वेणी सारखी सुटते. माझ्यानं नाही घालवत आता. तुम्हाला येते का वेणी घालायला?"

बाईंनी मान हलवली. येते म्हणाल्या. मग त्यांनी आपलं स्टूल थोडं मागं घेतलं आणि खाटेशेजारी एका लहान मुलीपुरती जागा केली.