सीमेच्या चाळीस मीटर अलीकडे

रिसी शिखराची आमच्या बाजूची वाट पंधरा जूनपर्यंत बंद असते. खाली प्रत्येक बसथांब्यावर तसा फलक आहे. तरी दरवर्षी लोक जातात आणि दरवर्षी आम्ही बचाववाले त्यांना खाली आणतो. सव्वीस वर्षं हेच चाललंय. गुडघे कामातून गेले, आता चिडायलाही दम लागतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सिप्रियानचा फोन आला. सिप्रियान म्हणजे शिखराखालच्या निवाऱ्याचा हमाल. पाठीवर लाकडी चौकट बांधून कोबी, सरपण, बिअरची पिंपं, सगळं वर वाहून नेतो.

"व्हेंदो, वर दोघं जण आहेत. बाईचा पाय मोडलाय. नवरा तिला ओढतोय."

"खाली?"

"वर!"

"वर कशाला मरायला?"

"मला काय विचारतोस? मदतीला गेलो तर बाईने दगड भिरकावला."

मी कपाळावर हात मारला. शिखरावरून सीमा जाते, पलीकडे पोलंड. तिकडचे बचाववाले फुकट आणतात, आम्ही पैसे घेतो. विमा असला तरी बंद वाटेवर तो चालत नाही. आणि पैसे घ्यावेतच, असं मी चारचौघांत ठणकावून सांगत आलोय. चार वर्षांपूर्वी सँडल घालून आलेल्या एका पठ्ठ्याला उतरवताना आमच्या मिलोशची पाठ मोडली. तो आज चाकाच्या खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघतो. त्याला बघून आलं की माझी सगळी दयामाया आटते.

धुकं दाट होतं, हेलिकॉप्टरचा प्रश्नच नव्हता. माझा पथकातला जोडीदार ब्लाझेय, मी आणि आणखी सहा जण स्ट्रेचर घेऊन चढलो. तीन तास लागले.

बर्फात एका खडकाला मिठी मारून बाई पडली होती. ओठ निळे. नवरा शेजारी बसून रडत होता. त्याचं नाव इमरिख, तिचं हेडविगा. केझमारोकच्या एका शाळेत स्वयंपाक करते, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून डोंगरावर आले होते, हे सगळं त्याने मी न विचारताच सांगितलं.

"फोन का नाही केलास, बाबा?"

"केला असता, साहेब. तिने हिसकावून दरीत फेकला. म्हणाली, यांना बोलावलंस तर वर्षभराचा पगार जाईल."

मी बाईकडे वळलो तशी ती किंचाळली, "हात लावू नका! आम्ही बोलावलेलं नाही तुम्हाला!"

"अहो बाई, जीव जातोय तुमचा. पैशांचं नंतर बघू."

"नंतर म्हणजे टपालाने बिल! माहितीये मला. सरका, थोडंच राहिलंय."

थोडंच म्हणजे चाळीस मीटर. खडा उतार, वर बर्फ. तेवढंच अंतर कापायला त्यांनी आधी दोन तास घालवले होते.

"हेडा, बास कर गं आता," नवरा म्हणाला.

"तू गप्प बस."

ब्लाझेयने मला बाजूला घेतलं. "हिची थरथर थांबलीय, व्हेंदो. अर्धा तास जगेल, फार तर."

जबरदस्तीने बांधायचं म्हटलं तर त्या उतारावरच्या झटापटीत आठही जण खाली गेलो असतो. मला संताप आला. तिचा आला, त्या नवऱ्याचा आला, आणि खरं सांगतो, थोडा माझाही आला.

मग मी खडकाला वळसा घालून वर गेलो. आमची आणि पलीकडच्या बचाववाल्यांची जॅकेटं लालच असतात, फक्त छातीवरचं चिन्ह वेगळं. त्यावर मी सॅकचा पट्टा ओढला, भुवयांपर्यंत टोपी ओढली आणि वरून खाली उतरत आलो. माझी आई पलीकडची. तिच्या पोलिशमध्येच मी बोललो; आमच्याकडे ती सगळ्यांना कळते.

"दमलात ना ताई? पोचलात बरं का. सीमा मागे पडली. आता आमचं काम."

ती माझ्याकडे बघत राहिली. "खरंच?"

"आईशप्पथ."

तिने खडक सोडला आणि हमसून हमसून रडायला लागली. आम्ही तिला बांधलं, गरम पिशव्या लावल्या आणि आमच्याच बाजूने उतरायला लागलो. वाटेत डोळे मिटूनच तिने विचारलं, "तुम्हाला काय द्यायचं?"

"काही नाही, ताई. आमच्याकडे फुकट असतं."

इमरिख मागून चालत होता.

बाई वाचली. दुसऱ्या दिवशी अहवाल लिहायला बसलो तेव्हा ब्लाझेय म्हणाला, "धुकं होतं. सीमा कोणाला दिसली? लिही की शिखरावर सापडली म्हणून."

माझं पेन थांबलं. मिलोश आठवला. मी लिहिलं : सीमेच्या चाळीस मीटर अलीकडे, बंद वाटेवर. खाली सही केली. खोटं मी एकदा बोललो होतो, दुसऱ्यांदा बोलायला अंगात त्राण नव्हतं.

दहा दिवसांनी इमरिख आमच्या बचाव ठाण्यावर आला. अक्रोडाच्या वड्यांचा डबा टेबलावर ठेवून उभाच राहिला.

"तिने हॉस्पिटलातून सांगून माझ्याकडून करवल्यात. त्या पोलिश माणसासाठी."

मी त्याच्याकडे खुर्ची सरकवली.

"बिल आलं, साहेब. तिने फाडून टाकलं. म्हणते, चूक झालीय यांची, मला पलीकडच्यांनी आणलंय. कचेरीत अर्ज करणार आहे. साक्षीदार म्हणून त्या माणसाचं नाव हवंय तिला. रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते." त्याने घसा खाकरला. "मी तिथेच होतो, सगळं ऐकत होतो. पण तिला सांगवत नाही. काय सांगू मी?"

डबा मला उघडवेना. मी गाडीची किल्ली उचलली. "चल," म्हटलं, "मीच सांगतो."

हॉस्पिटलात ती उशीला टेकून बसली होती, पाय प्लास्टरमध्ये. मला बघताच तिचा चेहरा असा उजळला की मला तिथूनच मागे फिरावंसं वाटलं. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला, पोलिशमध्ये कसंबसं "देव तुमचं भलं करो" म्हणाली.

मी आमच्या भाषेत बोललो. "हेडविगाताई, मी इकडचाच आहे. तुम्ही सीमेपर्यंत पोचलाच नव्हतात. त्या बिलामागच्या अहवालावर सही माझी आहे."

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता.

मग तिने माझ्या हातावरून आपले दोन्ही हात काढून घेतले.